आहुपें, सोपारें व हटलेला समुद्र

आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम सीमेवर, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहुपें हें गांव वसलें आहे. येथून एक घाटवाट खालीं मुरबाड तालुक्यांतील खोपिवलीस उतरते. कड्यावरून गोरखगड व मच्छिंद्रगड यांचे सुळके समोर दिसतात. समुद्र मात्र फार दूर राहिला. मग या मुलखाचा प्राचीन बंदरांशीं संबंध कोणता, अशी शंका वाचकांस येईल. तिचें समाधान उत्तरेकडील नाणेघाटांत होतें.

तेथील नागनिका राणीचा लेख सर्वश्रुत आहे; परंतु प्रस्तुत विषयास पाण्याच्या एका टांक्यावरील लहानसा लेख अधिक उपयोगी आहे. तें टांकें सोपाऱ्याच्या गोविंददासानें दान दिलें, एवढेंच त्यांत म्हटलें आहे. बंदरांतील मनुष्य घाटमाथ्यावर पाण्याची सोय करितो, यावरून घाट व बंदर हीं एकाच मार्गाचीं दोन टोकें होत, हें उघड आहे. जुन्नरच्या लेण्यांतील यवन दात्यांचीं नांवेंहि याच मताला पुष्टि देतात.

आतां सोपाऱ्याकडे वळूं. 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत इसवी सनाच्या पहिल्या शतकांत या बंदराचा उल्लेख येतो. इ. स. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील 'बुरूड राजाचा कोट' खणून स्तूप उजेडांत आणिला. त्यांत आठ मूर्ति, एकांत एक ठेविलेले करंडक व यज्ञश्री सातकर्णीचें रुप्याचें नाणें मिळालें. अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा त्याच वर्षीं व नवव्याचा १९५६ सालीं या परिसरांत सांपडला.

असें हें बंदर आज समुद्रापासून दूर पडलें आहे. खाडी गाळानें भरली आणि गलबतांचा मार्ग बुजला. मुरबाडचें पाणी उल्हास नदीस मिळून वसईच्या खाडीनें समुद्रास जातें. अर्थात् ज्या सह्याद्रीनें बंदरास माल पुरविला, त्यानेंच खाड्यांस गाळहि पुरविला.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. प्राचीन बंदराचा शोध करितांना आजचा किनारा प्रमाण धरूं नये. आणि नाणेघाटाचा पुरावा आहुप्याच्या घाटास परस्पर लावूं नये. येथील वाटेचें प्राचीनत्व येथील अवशेषांनींच सिद्ध झालें पाहिजे. सोपाऱ्याभोंवतीं तर वस्ती दाट झाली आहे. पाया खणतांना खापर निघाल्यास तें किती खोलीवर व कोणत्या थरांत मिळालें, हें तत्काळ टिपून ठेवावें, अशी आमची विनंति आहे. थर एकदां उलथला, कीं खापर हातीं राहतें, पण त्याची साक्ष जाते.