दुधीचा रस: मिक्सर लावण्याआधी फोड चाखा

भोर-वेल्ह्याकडे परसातल्या मांडवावर दुधी लगडतो. मधुमेहासाठी किंवा वजन उतरावे म्हणून रोज सकाळी त्याचा कच्चा रस मिक्सरवर काढून पिणारेही बरेच आहेत. चव सपक असेल तर सहसा त्रास होत नाही. रस कडू असेल तर मात्र जिवावर बेतू शकते.

दुधी, काकडी, दोडका या वेलवर्गात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. एखाद्या दुधीत ती फार वाढतात आणि वरून पाहून ते कळत नाही. भाजी कडू लागली की आपण पहिल्याच घासाला ताट सरकवतो; रस मात्र ‘औषध कडूच असायचं’ म्हणत एका दमात संपवतो. आले-लिंबू घातल्याने चव झाकते, विष तसेच राहते. कारल्याच्या रसात दुधी मिसळणे तर सर्वात वाईट. कडूपणा कोणाचा, हे कळणार कसे?

आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला सल्ला सोपा आहे: आधी लहान फोड चाखा, कडू लागली तर दुधी टाकून द्या, रस दुसऱ्या रसात मिसळू नका. प्रत्येक दुधी वेगळा चाखावा.

रस प्यायल्यावर उलट्या, पोटात कळ, जुलाब, चक्कर सुरू झाली तर लिंबूपाणी देत घरी थांबू नका. रक्ताची उलटीही होऊ शकते, रक्तदाब घसरतो. यावर उतारा नाही. सलाईन लावून रक्तदाब सांभाळावा लागतो. डोंगरातल्या वाडीवरून दवाखाना गाठायला वेळ लागतो, म्हणून लगेच १०८ ला फोन करा आणि कोणता रस, किती, केव्हा प्यायला ते डॉक्टरांना सांगा.