मेणबत्तीच्या उजेडात पाहुणचार

पंचपक्वान्ने नकोत, झगमगाट नको. एका संध्याकाळी घरातले दिवे मालवा आणि चार माणसांना जेवायला बोलवा. दगदग कमी होईल, गप्पा मात्र रंगतील.

शनिवारी पाहुणे जेवायला येणार म्हटले की बहुतेक घरांत शुक्रवारपासूनच धावपळ सुरू होते. पडदे बदला, शोकेस पुसा, दोन भाज्या, दोन गोड पदार्थ. पाहुणे येतात तेव्हा यजमानीणबाई पुऱ्या तळत असतात आणि ते निघतात तेव्हा त्या ओटा आवरत असतात. गप्पांमध्ये त्यांचा वाटा फक्त ‘अजून थोडं घ्या ना’ एवढाच! साहजिकच पुढच्या वेळी कोणाला बोलवायचे नावच नको वाटते.

नोकरीनिमित्त बंगळुरूत आलेल्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत हे फार घडते. पतिपत्नी दोघेही नोकरी करणारे, अर्धा जीव रस्त्यावरच्या वाहतुकीतच जातो, जवळ नातेवाईक नाहीत. गणपतीत किंवा दिवाळीत महाराष्ट्र मंडळात ओळखी होतात. पण ‘घर जरा लागलं की बोलावू’ असे म्हणता म्हणता वर्ष सरते आणि समोरच्या फ्लॅटमधल्या माणसांची नावेही कळत नाहीत. घर कधीच पूर्ण लागत नाही, हे खरे कारण. मेणबत्तीच्या उजेडात मात्र घर लागलेले नसले तरी चालते!

आपल्याला नवे नाही

‘कँडल लाइट डिनर’ म्हटले की हॉटेलातले दोघांचे टेबल डोळ्यांसमोर येते. पण कोजागिरीला गच्चीवरचे दिवे मालवून चांदण्यात मसाला दूध पिणारे आपण, मंद उजेडातली मैफल आपल्याला कोणी का शिकवावी?

बंगळुरूला तर विजेचा केवढा अभिमान! शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्रातली वीज मिळून १९०५ मध्ये इथले रस्ते उजळले, तेव्हा देशातल्या बहुतेक शहरांत संध्याकाळी कंदीलच लागत होते. पुढे भारनियमनाच्या काळात याच शहरात घरोघरी मेणबत्तीचा खोका हाताशी असे. आता इमारतीचा जनरेटर क्षणात सुरू होतो आणि मेणबत्ती आपण आपल्या मर्जीने लावू शकतो.

हवाही साथ देते. सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहरात मार्च-एप्रिल सोडला तर संध्याकाळी पंखा बंद ठेवता येतो. हे महत्त्वाचे, कारण पंख्याखाली ज्योत फडफडते, मेण एका बाजूने ओघळते आणि मेजपोशाचे नुकसान होते.

कोणत्या, किती, कुठे?

साध्या पांढऱ्या मेणबत्त्या उत्तम. कन्नडमध्ये मेणबत्तीला ‘मेणद बत्ती’च म्हणतात, त्यामुळे दुकानात भाषेची अडचण नाही. शिवाजीनगरच्या सेंट मेरी बॅसिलिकाबाहेर त्या लहानमोठ्या आकारांत मिळतात. जेवणाच्या मेजावर सुगंधी मेणबत्ती मात्र नको. फोडणीचा वास आणि गुलाबाचा वास यांचे जमत नाही.

जुन्या ४० वॅटच्या बल्बइतका उजेड हवा असेल तर तीसहून अधिक मेणबत्त्या लागतील. तेव्हा सगळी खोली उजळण्याचा हट्ट सोडा. सहा माणसांच्या मेजावर पाच-सहा पुरेत. त्या बुटक्या असाव्यात, म्हणजे समोरच्याचा चेहरा दिसतो. भिंतीशी आरसा टेकवून समोर दोन लावल्या तर उजेड वाढतो. पितळी परातीत पाणी, त्यावर शेवंतीची फुले आणि चार तरंगत्या मेणबत्त्या, एवढी सजावट पुष्कळ झाली. स्वयंपाकघर, जिना आणि न्हाणीघरातला दिवा मात्र चालूच ठेवा. अंधारात आजोबांचा पाय अडखळला तर सगळ्या मजेवर पाणी पडेल.

जेवण काय?

मंद उजेडात ताटातले नीट दिसत नाही, हे लक्षात ठेवून बेत ठरवा. काट्यांचे मासे नकोत, सबंध मिरच्या घातलेली भाजीही नको. एकाच भांड्यात होणारा पदार्थ निवडा. मसालेभात किंवा इथलाच बिसिबेळे भात दुपारी करून ठेवता येतो. सोबत तळलेली बुंदी, कोशिंबीर आणि सोलकढी. सुरुवातीला शेंगदाण्यांची ‘काँग्रेस’ आणि निप्पट्टू बेकरीतून आणले की तळणाचा प्रश्न मिटला. डिसेंबर-जानेवारीत बाजारात अवरेकाई भरपूर असते, तिची उसळ करून पाहा. ताटे पांढरी घ्या, अन्न उठून दिसते. सगळे एकदम मेजावर मांडा आणि स्वतःही बसा. या संध्याकाळचा मुख्य नियम हाच, की यजमानीणबाईंनी उठायचे नाही. पाणी आणणे, पाने उचलणे हे पतिराजांकडे!

सासूबाईंची हरकत

‘दिवेलागणीला दिवे काय मालवता?’ असा प्रश्न घरातली वडीलधारी मंडळी विचारतील. तो चेष्टेवारी नेऊ नका. आधी सासूबाईंच्या हातून समई लावून घ्या, मग त्या ज्योतीवरून मेणबत्त्या पेटवा आणि त्यानंतरच विजेचे दिवे बंद करा. शेवटी मेणबत्त्या फुंकर घालून विझवण्याऐवजी वर वाटी उपडी धरली, तर त्यांनाही खटकणार नाही आणि धूरही कमी होईल. कमी दिसणाऱ्या ज्येष्ठांच्या ताटाजवळ एक मेणबत्ती जास्त ठेवा.

एवढे जरूर सांभाळा

* नायलॉन, पॉलिएस्टरच्या साड्या आणि ओढण्या जळताना वितळून अंगाला चिकटतात. पदर खोचून घ्या, शक्यतो सुती नेसा.

* पडद्यांपासून आणि लहान मुलांच्या हातापासून मेणबत्ती दूर ठेवा. मुलांच्या टेबलावर बॅटरीची मेणबत्ती लावा.

* वात अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा, काजळी धरत नाही.

* पेटलेल्या मेणावर पाणी ओतू नका, भडका उडतो. जड झाकण घालून विझवा.

* मेजपोशावर मेण सांडले तर बर्फ फिरवून खरवडा. मग वरखाली टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा.

बोलावण्यासाठी निमित्तच हवे असेल तर मार्चमधल्या एका शनिवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ ‘अर्थ अवर’ पाळतात. २००७ मध्ये सिडनीत सुरू झालेल्या या उपक्रमात तासभर अनावश्यक दिवे बंद ठेवायचे असतात. शेजाऱ्यांना सांगायला याहून सोपे कारण नाही.

अर्थात मार्चची वाट पाहायलाच हवी असेही नाही. मंद उजेडात टीव्ही बंद राहतो, मोबाइल बाजूला पडतो आणि माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बोलू लागतात. शोकेस पुसलेले होते का, हे दुसऱ्या दिवशी कोणाच्याही लक्षात राहत नाही. तेव्हा या शनिवारी समोरच्या दाराची घंटा वाजवा आणि ‘या ना जेवायला’ एवढेच म्हणा.