गाडीचा नाद लागलाय? आधी बोनेट उघडायला शिका

घोलवड-बोर्डीची चिकूवाडी असो की तलासरी-उधव्याकडचा पाडा, तरुण पोरांना आता चारचाकीचा नाद लागलाय. नाद वाईट नाही. पण अच्छाड ते चारोटी महामार्गावर धावणाऱ्या गाड्या बघून मन भुलतं आणि चिकूच्या हंगामाचा पैसा एका दिवसात जुन्या गाडीत जातो. बैल घेताना आपण दात बघतो, चाल बघतो. मग गाडी नुसता रंग बघून का घ्यायची?

शिकायला पैसा लागत नाही. सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या गॅरेजवर जाऊन बसा. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा, मग ऑईलची पट्टी काढून पातळी बघा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं. टायरची नक्षी 1.6 मि.मी.पेक्षा कमी राहिली की टायर बाद समजा. धुराचा रंगही ओळखा. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे इंधन पुरतं जळत नाही. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबला नाही, तर इंजिनात पाणी शिरत असल्याचा संशय घ्या.

चिंचणीपासून बोर्डीपर्यंत खारी हवा पत्रा खाते. वरून गाडी चकचकीत दिसेल, पण पायाखालची मॅट उचला, दाराच्या खालच्या कडा आणि चॅसीस बॅटरी मारून बघा.

आता मुख्य गोष्ट. आपला मुलूख सीमेवरचा. पलीकडे उंबरगाव, वापी, सिल्वासा. तिकडची जीजे-15 किंवा डीएन-09 नंबरची गाडी स्वस्तात मिळते म्हणून कुणी घेऊन येतं. पण दुसऱ्या राज्यातली गाडी इथे 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिथल्या आर.टी.ओ.ची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. हा खर्च धरूनच भाव करा.

आर.सी. बुकातला इंजिन नंबर आणि चॅसीस नंबर गाडीवरच्या नंबरशी ताडून बघा. कर्जाचा बोजा असेल तर तो आधी उतरवून घ्या. नावबदलीसाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा. विकणाऱ्यांनीही हे विसरू नये. अपघाताची भरपाई आर.टी.ओ.च्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्याच्याच अंगावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केलंय. नुसत्या स्टॅम्पपेपरवर विसंबू नका.

लायसन्स 18 वर्षं पूर्ण झाल्यावरच. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर 30 दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. तोवर शेजारी पक्कं लायसन्सवाला बसलेला हवा. अल्पवयीन पोराच्या हाती चावी दिली आणि त्याने गुन्हा केला, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा मालकाला 25 हजार रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील मंडळींना एकच विनंती. ग्रामसभेच्या दिवशी तासभर एखाद्या जाणत्या मेकॅनिकला बोलवा, एक गाडी उभी करा आणि पोरांना हे सगळं हाताने करून बघू द्या. गाडी कधी घ्यायची ते पोरं मग डोळे उघडे ठेवून ठरवतील.