हिरव्या ठिपक्यापलीकडे

दिवाळीच्या आधी डोंबिवली-कल्याणच्या घरांतून मैदा, पिठीसाखर आणि तूप बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणण्याची रीत होती. जिन्नस घरचे असल्याने शंकेला जागा नसे. आता ठाण्याच्या दुकानांत कुकीजचे तयार मिश्रण खोक्यात मिळते. दूध-लोणी मिसळून ओव्हनमध्ये ठेवले की काम झाले; जिन्नस मात्र दुसऱ्याने निवडलेले असतात.

चौकोनातील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, जैन आहारास योग्य असल्याचे नव्हे. २०२० च्या लेबल नियमांत मांसाहाराच्या व्याख्येतून मध वगळलेला आहे. बटाट्याचा स्टार्चही अर्थातच शाकाहारी ठरतो. शिवाय ठिपका खोक्यातील मिश्रणापुरताच असतो. मागे छापलेल्या कृतीत अंडे सांगितलेले असू शकते. तेथे दही वापरता येते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. वहीतील नोंद पडताळल्याशिवाय सही न करणाऱ्या व्यापारी घरांना ही यादी वाचणे अवघड नाही. सुट्टीत मुलांच्या हाती खोके देताना प्रथम ते उलटून वाचण्याची सवयही त्यांना द्यावी. घरचा आचार पुढच्या पिढीकडे असाच पोहोचतो.