बोटांनी वाचायचे पुस्तक

घराच्या दारावर नावाची पितळी पाटी असते. तिच्यावरची अक्षरे पुष्कळदा उठावाची असतात. आज घरी गेल्यावर आपण डोळे मिटावेत आणि तर्जनीने ती पाटी वाचून पाहावी. नाव आपलेच, तरी बोट अडखळेल. शिरोरेषेवरून ते घसरत जाईल. वेलांटी कुठून निघाली ते कळणार नाही. उकार शोधायला खाली उतरावे तर वरचे अक्षर हातचे सुटेल. अंधांसाठी छापलेली पहिली पुस्तके याच जातीची होती.

पॅरिसमध्ये व्हॅलेंटिन हाउइ या सद्गृहस्थांनी अंध मुलांची शाळा काढली आणि १७८६ साली त्यांच्या शिक्षणाविषयीचे पुस्तक उठावाच्या अक्षरांत छापले. ओला जाड कागद खिळ्यांवर दाबायचा, म्हणजे अक्षरे पाठीमागून फुगून वर येत. ही अक्षरे डोळस माणसे वाचतात तीच, फक्त मोठी आणि फुगीर. अंधांनाही वाचता येते हे जगाला प्रथम दिसले ते या पुस्तकांमुळे, आणि हाउइंचे ते ऋण मोठे आहे. परंतु वाचन फार मंद चाले, ग्रंथ अवजड होत, आणि मुख्य म्हणजे विद्यार्थ्याला स्वतः काहीच लिहिता येत नसे. पुढे ग्लासगोच्या जॉन ऑल्स्टन यांनी साध्या रोमन अक्षरांत संपूर्ण बायबल छापून १८४० साली पुरे केले. त्याचे १९ खंड झाले! ब्रायटनचे विल्यम मून स्वतः अंध होते. त्यांनी १८४५ साली अक्षरांच्या आकृती पुष्कळ सोप्या केल्या. उतारवयात दृष्टी गेलेल्यांना ती लिपी मानवली. पण हाताने सहज लिहिण्याचा प्रश्न तिनेही सोडवला नाही.

तो प्रश्न त्याआधीच एका मुलाने सोडवला होता. लुई ब्रेल यांचा जन्म १८०९ सालचा. वडील खोगीर बनवणारे कारागीर. तिसऱ्या वर्षी त्यांच्या कारखान्यात खेळताना डोळ्याला हत्यार लागले आणि पुढे दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षी ते पॅरिसच्या शाळेत आले. शार्ल बार्बिए यांनी काढलेली टिंबांची लिपी तेथे त्यांच्या हाती पडली. तिच्यात एका खुणेला बारापर्यंत टिंबे लागत. ती बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावत नसत. ब्रेलनी ती सहावर आणली. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन टिंबे, आणि त्यांतून ६३ निरनिराळ्या खुणा! त्या वेळी त्यांचे वय १५ वर्षांचे होते. १८२९ साली पद्धत छापून प्रसिद्ध झाली. तरी डोळस शिक्षकांना अनोळखी टिंबांपेक्षा आपली ओळखीची अक्षरेच बरी वाटत. फ्रान्सने ब्रेलला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

आता मराठीकडे येऊ. आपल्या मुंबईत १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली. दादरची अंधशाळा ती हीच. १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. तिच्याशी निगडित असलेले डॉ. नीलकंठराय छत्रपती यांची स्वतःची दृष्टी गेलेली होती. त्यांनी आपल्या भाषांसाठी ब्रेलची एक मांडणी बसवली. इतरत्र इतरांनी आपापल्या मांडण्या केल्या. हेतू सर्वांचे चांगले, पण परिणाम असा की एका प्रांताचे पुस्तक दुसऱ्या प्रांतातल्या बोटांना परके! हा गोंधळ १९५१ साली भारती ब्रेलने मिटवला. मराठीचा क, बंगालीचा क आणि तमिळचा क यांना टिंबे एकच झाली. त्याच साली डेहराडूनला ब्रेल छापखाना निघाला, आणि १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली.

भारती ब्रेलची खुबी आपल्या पितळी पाटीशी ताडून पाहावी. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो आणि उच्चार मात्र नंतर करतो. ब्रेलमध्ये आधी क, मग इ; उच्चाराचा क्रम तोच लेखनाचा. वर मात्रा नाही, खाली उकार नाही, सारे एका ओळीत. ‘मराठी’ या शब्दाला पाच खुणा: म, र, आ, ठ, ई. बोट सरळ पुढे जाते, चढउतार करीत नाही. आणि पाटी व टोचणी हाती असली की वाचणारा लिहितोही. टोचलेली टिंबे कागदाच्या दुसऱ्या बाजूला उमटतात, म्हणून तो उजवीकडून डावीकडे लिहितो आणि कागद उलटून डावीकडून वाचतो.

कोणी म्हणेल, आता फोनच सारे वाचून दाखवतो, मग ही टिंबे कशाला? आम्हांला ते पटत नाही. ऐकून कथा कळते. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक कानाला नीटसा कळत नाही, तो बोटाला कळतो. लेखनाची शिस्त ज्याने त्याने स्वतः वाचूनच येते. शिवाय आपले पत्र आपणच वाचावे, हा मान कोणाला नको असतो? २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेलमधले मराठी पाक्षिक निघाले, त्यामागची तहान हीच.

पुस्तके मात्र अजून थोडी आहेत. कागद जाड, टिंबांना उंची हवी, म्हणून आपल्या पिशवीत मावणाऱ्या एका पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक भाग होतात. कायद्याची अडचण पुष्कळशी दूर झाली आहे: २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात अंधांसाठी प्रती काढण्याची मोकळीक दिली गेली, आणि याच विषयावरच्या माराकेशच्या आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ साली सर्वांआधी मान्यता देणारा देश भारत होता. उणीव आहे ती शुद्ध मजकूर तयार करणाऱ्या हातांची. संगणकावर मराठी नीट टंकून दिले, मुद्रिते काळजीपूर्वक तपासली, तर त्यावरून ब्रेल छापता येते. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत निवृत्त शिक्षक, कारकून आणि वाचनवेड्या गृहिणी काही थोड्या नाहीत. लोकलमध्ये पांढरी काठी दिसली की आपण जागा देतो, ते योग्यच आहे. त्या प्रवाशाच्या झोळीत एखादे मराठी पुस्तक असावे, याचीही सोय आपणच करायला हवी. आरंभी कोणत्या शब्दांची शहानिशा करावी, असे कोणी विचारील, तर अंध वाचकालाच विचारावे. हाउइंच्या काळी जे विचारायचे राहून गेले, ते हेच.