एका कुपोषणाचे दोन आकडे

जिल्ह्यातली किती मुलं कमी वजनाची आहेत, हे महिला व बालविकास विभागातल्या अधिकाऱ्याला आज संगणकावर पाहता येतं. १ मार्च २०२१ रोजी सुरू झालेल्या पोषण ट्रॅकरवर अंगणवाडी सेविका मुलांची उंची आणि वजन भरते. मूल खुजं, रोडावलेलं की कमी वजनाचं, हे ॲपच ठरवतं. पूर्वी हीच माहिती रजिस्टरांतून वर सरकायला बराच वेळ लागायचा.

दुसरा स्रोत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत देशातली पाच वर्षांखालची ३२.१ टक्के मुलं कमी वजनाची आढळली, महाराष्ट्रात ३६.१. ट्रॅकरवर मात्र २०२४ मध्ये देशाचा आकडा १७ टक्क्यांच्या आसपास होता. मग कुपोषण निम्म्यावर आलं? इतक्यात पेढे वाटू नयेत. सर्वेक्षणाचं पथक नमुन्यात निवडलेल्या घरी जाऊन मोजतं, तर ट्रॅकरवर फक्त अंगणवाडीत नोंदलेली मुलं येतात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं मूल त्यातून सहज सुटू शकतं. शिवाय काटा बिघडलेला असला, तरी ॲपला ते कसं कळणार?

म्हणून धोरण आखणाऱ्यानं दोन्हींकडून वेगवेगळं काम घ्यावं. राज्यात प्रमाण किती आणि निधी किती लागेल, यासाठी सर्वेक्षण. कोणत्या अंगणवाडीत या महिन्यात मापं घेतलीच गेली नाहीत, यासाठी ट्रॅकर. एखाद्या ठिकाणी सगळ्याच मुलांची वजनं पूर्ण किलोत भरलेली दिसली, तर आधी काटा तपासायला माणूस पाठवावा. आहाराचा निर्णय त्यानंतर.