वीस बाजूंचा फासा काय ठरवतो?

चोर-पोलीस खेळताना एक भांडण हमखास होतं. "तुला गोळी लागली!" "छे, मी वाकलो होतो!" दोघांच्या मनातली गोष्ट वेगळी. खरी कुणाची धरायची?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. त्यात हा निवाडा फाशांकडे गेला. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो: समोर खोल दरी आहे. खेळाडू म्हणतो, मी उडी मारतो. जमेल की नाही याची शंका असेल, तेव्हाच वीस बाजूंचा फासा टाकायचा. आजच्या नियमांनुसार सूत्रधार आधी लक्ष्य ठरवतो. ते १५ असेल, तर वीसपैकी सहाच बाजू यश देतात. पात्र चपळ असलं की पडलेल्या आकड्यात, समजा, ३ मिळवायचे. आता नऊ बाजू कामी येतात.

साधे दोन फासे का नाहीत? त्यांची बेरीज सात व्हायला सहा वाटा, बारा व्हायला एकच. निकाल मध्यावरच गर्दी करतात. या एका फाशावर १ आणि २० यांची शक्यता अगदी १० इतकीच. म्हणून कसलेला योद्धाही चुकतो, नवखा तरून जातो आणि पुढची गोष्ट सूत्रधारालाही ठाऊक नसते. या खेळाचं खरं बळ मला यातच दिसतं.

प्राथमिक नियम प्रकाशकांनी मोफत दिले आहेत. चार-पाच मित्र जमवा. फासा नसेल, तर डब्यात वीस चिठ्ठ्या टाका. फक्त काढलेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात जाऊ द्या, नाहीतर शक्यता बदलतील.